हत्तीचा पाऊस आणि ऑक्टोबरचं ऊन: वाचकांचे बागेचे प्रश्न

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून इतके प्रश्न आलेत की सगळ्यांना जागा देणं अवघड आहे, म्हणून जे चार-पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेत तेच घेतलेत. बहुतेकांचं म्हणणं एकच, पावसाळाभर झाडं मस्त होती आणि गणपती झाल्यावर अचानक रुसली. रुसली नाहीयेत हो. चार महिने त्यांची मुळं ओल्यात उभी आहेत, कुंडीतलं खत पाण्याबरोबर वाहून गेलंय, आणि आता वरून एकदम चटका देणारं ऊन. त्यात पाऊस अजून संपलेला नाही. २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त नक्षत्र लागतं, आपला हत्ती, आणि पुण्यात हा हत्ती दुपारनंतर ढग भरून आणतो आणि अर्ध्या तासात गच्ची तुंबवून जातो. पाऊस खरा उघडायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा येतो. त्यामुळे खालच्या उत्तरांत मी बऱ्याच वेळा "थांबा" म्हटलंय, त्याचा राग मानू नका.

प्रश्न: ताई, गच्चीवर ड्रममधे लिंबाचं झाड आहे, चार वर्षांचं. जुलैपर्यंत हिरवंगार होतं, आता पानं पिवळी पडून गळतायत. नर्सरीवाल्याने सांगितलं म्हणून दोनदा खत घातलं, तर अजूनच गळायला लागली. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: खत आधी थांबवा, आजपासून. आणि मला सांगा, ड्रमखालचं भोक शेवटचं कधी बघितलंत? माझ्याकडेही अगदी हेच झालं होतं. मीसुद्धा आधी खतच घातलं आणि पंधरा दिवसांनी अर्धं झाड उघडं पडलं. मग शेजाऱ्यांना हाक मारून दोघांनी मिळून ड्रम तिरका केला, तर खालच्या भोकात मुळांचा आणि चिखलाचा घट्ट बूच बसलेला. लोखंडी सळईने टोचल्यावर आतून काळं पाणी आलं आणि त्याला गटारासारखा वास. म्हणजे वरची चार बोटं माती सुकलेली दिसत होती, मी रोज पाणी घालत होते, आणि खाली झाड अक्षरशः साचलेल्या पाण्यात उभं. मुळांना हवा लागते, ती नसली की ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना खत दिलं तर ते घेणार कसं, उलट भाजतं.

तर क्रम असा ठेवा. भोकं मोकळी करा, कमी असतील तर ड्रमच्या बुडाशी बाजूने दोन-तीन अजून पाडा. ड्रम विटांवर उचलून ठेवा म्हणजे भोक गच्चीच्या फरशीला चिकटून बंद होणार नाही. वरची माती खुरप्याने हलकीच उकरा, खोल नको, लिंबाची अन्न घेणारी मुळं वरच असतात. मग आठ-दहा दिवस पाणी फक्त बोट खुपसून बघून, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच. त्या दिवसांत अजून थोडी पानं गळतील, घाबरू नका. नवीन कोंब दिसला की झाड सावरलं समजा, आणि तेव्हा दोन ओंजळी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड.

पानांचा पिवळेपणाही नीट बघा. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी असतील तर नत्र धुवून गेलंय. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा मात्र हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये, मुळं गुदमरली की हे होतंच, आणि तुमच्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यातल्या क्षारांमुळेही होतं, कुंडीच्या कडेला पांढरं पापुद्र्यासारखं साठतं ना, तेच क्षार. नर्सरीत सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण मिळतं, ते पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा. ड्रमचं भोक मोकळं केल्यावर मात्र, त्याआधी नाही.

प्रश्न: गुलाबाची छाटणी आत्ता करावी की नवरात्रात? मागच्या वर्षी सप्टेंबरमधे केली तर फांद्या वरून काळ्या पडत खाली आल्या आणि दोन झाडं गेली.
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर: तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. छाटलेली फांदी म्हणजे उघडी जखम, आणि हवेत ओल असताना त्या जखमेतून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून वाळत येते. पाऊस नक्की उघडलाय, सकाळी कुंडीच्या मातीवर वाफसा दिसतोय, म्हणजे माती ओलसर आहे पण चिखल नाही, चार दिवस सलग कडक ऊन पडलंय, असं झालं की छाटा. पुण्यात हे साधारण १० ते २५ ऑक्टोबरच्या मधे येतं. मुहूर्त पंचांगात शोधायची गरज नाही, आकाशात बघा.

छाटणीआधी तीन-चार दिवस पाणी कमी करा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवं, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसून घ्या, एवढं एक केलंत तरी निम्मा त्रास वाचतो. आधी वाळलेल्या, काड्यांसारख्या बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. मग चार-पाच जोरदार फांद्या ठेवून प्रत्येकीवर पाच-सहा डोळे, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या जागा, राहतील इतकं ठेवायचं, आणि काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. कापल्यावर आतला गाभा पांढरट दिसला तर ठीक, तपकिरी दिसला तर अजून खाली या, गाभा पांढरा दिसेपर्यंत. इथे जीव घाबरतो माणसाचा, एवढं वाढवलेलं झाड, पण तो तपकिरी भाग ठेवलात तर तोच खाली उतरत जातो, तुमच्या गेल्या वर्षीच्या झाडांचं तेच झालं असणार. कापलेल्या टोकांना कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक पाण्यात घट्ट कालवून ब्रशने लावा.

अजून एक. आपल्याकडचे गुलाब जंगली खुंटावर डोळा भरून केलेले असतात, म्हणजे जंगली गुलाबाच्या बुंध्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा जोडलेला, आणि जोडाच्या जागी गाठ दिसते. त्या गाठीच्या खालून एखादा सरळसोट, जोमदार फुटवा आलेला दिसेल, खूप लोकांना तो बघून आनंद होतो, पण तो खुंटाचा असतो आणि सगळं अन्न तोच खातो. माती बाजूला करून तो निघतो तिथूनच ओढून काढा. छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी फुलं येतात, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बाग भरलेली.

प्रश्न: माझ्या शेवंतीला गेल्या वर्षी एकही फूल आलं नाही. झाड निरोगी, पानं टवटवीत, खतपाणी वेळेवर. बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर, ऊन सकाळचं चार-पाच तास. यंदाही अजून कळीचा पत्ता नाही.
– एक वाचक, औंध

उत्तर: बाल्कनीत रात्री उजेड किती येतो? तुम्ही लिहिलेलं नाही पण माझा अंदाज आहे की समोर रस्त्यावरचा दिवा आहे किंवा तुम्ही बाल्कनीतला बल्ब रात्रभर चालू ठेवता.

शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. रात्र मोठी व्हायला लागली, सलग काळोख मिळाला की ती कळी धरते. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र सारखे होतात आणि मग रात्र वाढतच जाते, म्हणून आपल्याकडे शेवंती दसरा-दिवाळीपासून पुढे थंडीत फुलते. मधे उजेड पडला तर तिला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे, आणि ती नुसती पानं काढत राहते. पॉलिहाऊसमधे शेवंती घेणारे शेतकरी हेच मुद्दाम करतात, फूल लांबवायचं असेल तर रात्री दिवे लावतात. मला हे कळलं ते दोन कुंड्यांमुळे. एकाच आईच्या काड्यांपासून केलेली रोपं, एकच माती, एक कुंडी कठड्यावर आणि दुसरी पाण्याच्या टाकीआड, अंतर फार तर सहा फूट. टाकीआडची पिवळीधमक झाली आणि कठड्यावरची नुसती हिरवी. दिवसभर दोन्हींना ऊन सारखंच, रात्री मात्र कठड्यावर सोसायटीच्या गेटच्या दिव्याचा झोत पडायचा.

कुंडी अशा कोपऱ्यात हलवा जिथे रात्री तुम्हाला पेपर वाचता येणार नाही. तशी जागाच नसेल तर संध्याकाळी सहा वाजता मोठं खोकं किंवा जाड काळं कापड टाका आणि सकाळी सातला काढा, बोराएवढ्या कळ्या दिसेपर्यंत रोज. एक दिवस विसरलात तर आकाश कोसळत नाही, पण सवय ठेवा. आणि आता शेंडे अजिबात खुडू नका, खुडायचं काम ऑगस्टअखेर संपतं, आता खुडाल ती कळीच. ज्यांच्याकडे पॉइन्सेटिया आहे, डिसेंबरमधे लाल पानांचा होतो तो, त्यांनाही हेच लागू.

प्रश्न: आम्ही गणपतीचं विसर्जन घरी बादलीत महापालिकेने दिलेली पावडर घालून केलं. मूर्ती प्लास्टरची होती. ते पाणी झाडांना चालतं असं ऐकलंय, खरं का? आणि शेजाऱ्यांची मूर्ती शाडूची होती, ती माती कुंडीत वापरू का असं त्या विचारतायत.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: गणपती झाल्यावर दरवर्षी हा प्रश्न येतो आणि मला तो फार आवडतो, कारण घरी विसर्जन करणारी माणसं वाढतायत. ती पावडर म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. आपल्या पाषाणच्या एनसीएलने, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, ही पद्धत काढली. प्लास्टर नुसत्या पाण्यात महिनोन्महिने विरघळत नाही, पण या द्रावणात त्याचे दोन पदार्थ होतात, खाली बसणारा पांढरा गाळ तो कॅल्शियम कार्बोनेट आणि पाण्यात उतरतं ते अमोनियम सल्फेट, जे खताच्या दुकानात पोत्यात मिळतं तेच. त्यात सुमारे २१ टक्के नत्र असतं. बादलीत बुडबुडे येत होते ना, तो कार्बन डायऑक्साइड.

म्हणजे खत आहे हे खरं, पण बादलीतलं पाणी फारच तीव्र असतं आणि लोक मगाने थेट तुळशीत ओततात, मग दोन दिवसांत तुळस करपते. बुडबुडे थांबू द्या, अमोनियाचा झोंबणारा वास जाऊ द्या, वरचं नितळ पाणी वेगळं काढा. त्यातलं अर्धा मग एका मोठ्या बादलीभर साध्या पाण्यात, कुंडी आधी साध्या पाण्याने भिजवून घेऊन मग हे, आणि पंधरा दिवसांत एकदाच. जास्वंद, क्रोटन, बोगनवेल अशा जुन्या रुजलेल्या झाडांना द्या. पालेभाजी, कढीपत्ता, तुळस यांना मी देत नाही, मूर्तीच्या रंगात काय होतं ते आपल्याला माहीत नसतं आणि हे आपण खातो. पांढरा गाळ कुंडीत नको, आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर आहे.

शाडूचं म्हणाल तर ती माती वाईट नाही पण फार बारीक असते, कुंडीत पाणी धरून बसते आणि वाळली की विटेसारखी होते. टोपलीभर मातीत एखादी ओंजळ मिसळायला हरकत नाही. पण मी म्हणेन शेजारच्या काकूंना सांगा, माती सावलीत वाळवून डब्यात ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच मातीची मूर्ती घरी करा, नाहीतर शाडू परत गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या.

प्रश्न: काकू, मी कर्वेनगरला मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते, कॉलेजला आहे. खिडकीच्या ग्रिलमधे ट्रे ठेवून तीन वेळा कोथिंबीर पेरली, किचनमधले धने टाकले, काहीच उगवत नाही. मेथी मात्र लगेच आली. माझं काय चुकतंय?

उत्तर: अगं तुझं फार काही चुकत नाहीये, कोथिंबीर आहेच हट्टी. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात आणि तू बहुतेक सहाव्या दिवशी ट्रे उकरून बघत असशील.

आधी धने तपासून घे. घटस्थापनेला घटाभोवतीच्या मातीत आपण धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत ते वीतभर वर येतं, तुझ्या घरीही बघितलं असशील, तसंच आपणही बी उगवतं का ते आधी बघून घ्यायचं. मोजून वीस धने घे, ओल्या सुती रुमालात गुंडाळ, डब्यात ठेव, रुमाल वाळू देऊ नकोस. दहा-बारा दिवसांत दहाच्या वर मोड आले तर ते धने चांगले. दोन-तीनच आले तर ते आमटीत घाल आणि बियाण्याच्या दुकानातून नवीन आण, किचनमधले धने पुष्कळदा खूप जुने किंवा भाजलेले असतात.

दुसरं म्हणजे एक धना म्हणजे दोन बिया. पोळपाटावर पसरून लाटण्याने हलका दाब दे, कच्चकन दोन फाकी झाल्या पाहिजेत, कूट नको करूस. रात्रभर पाण्यात भिजव, सकाळी निथळून अर्धा इंच खोल ओळीत पेर, वर माती, त्यावर ओलं गोणपाट. गोणपाटावरच पाणी शिंपड. पहिले हिरवे ठिपके दिसले की त्याच दिवशी गोणपाट काढ, एक दिवस उशीर झाला तरी कोंब लांब आणि पांढुरके होतात. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरू नकोस, त्या उकाड्यात ती नीट उगवत नाही आणि आली तरी लवकर फुलावर जाते, दसरा-दिवाळीच्या मधे कधीतरी पेर. तोवर त्या ट्रेमधे मेथी आणि पालक घेत जा, दोन्ही महिनाभरात भाजीला येतात, तुमच्या तिघींपुरती एकवेळची भाजी नक्की निघेल.

प्रश्न: तळमजल्यावर छोटी बाग आहे. मोठ्या शंखाच्या गोगलगायींनी उच्छाद मांडलाय, एका रात्रीत झेंडूची रोपं साफ. मीठ टाकलं तर चालेल का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर: मातीवर मीठ नको, गोगलगायी मरतील आणि मातीही. त्या रात्री आठ-नऊनंतर बाहेर येतात. टॉर्च घ्या, हातात ग्लोव्हज घालाच कारण त्यांच्या अंगावर आणि चिकट स्रावात माणसाला त्रास देणारे जंतू असू शकतात, आणि वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून त्याखाली कोबीची पानं, पपईची सालं ठेवली की सकाळी सगळ्या एका जागी सापडतात. कुंड्या सरकवून खाली बघा, ओल्या मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर अंडी पुंजक्याने असतात, एका पुंजक्यात शंभराच्या वरही, ती काढणं हे मोठ्या वेचण्याइतकंच महत्त्वाचं. हे सगळं आत्ताच करायचं, कारण हवा कोरडी झाली की त्या शंखाचं तोंड बंद करून मातीत नाहीतर भिंतीच्या फटीत महिनोन्महिने पडून राहतात आणि मग थेट पुढच्या जूनमधे भेटतात. बाजारात गोळ्या मिळतात त्या मी सांगणार नाही, बऱ्याचशा गोळ्यांत मेटाल्डिहाइड असतं, कुत्र्या-मांजरांनी खाल्लं तर जिवावर बेतू शकतं आणि तळमजल्यावर ती फिरतातच.

प्रश्न: गच्चीच्या कठड्याच्या फटीत पिंपळ उगवलाय. सासूबाई म्हणतात तोडायचा नाही. भिंत तडकायला लागलीये.
– एक वाचक, हडपसर

उत्तर: तोडू नका, हलवा, आणि याच महिन्यात, फट ओली असताना. फटीत दोन दिवस पाणी सोडत राहा, मग बारीक छिन्नीने कडेचा सिमेंट मोकळा करून मुळासकट सावकाश ओढा. मूळ तुटून आत राहिलं तर परत फुटणार, म्हणून घाई नको. निघालेलं रोप कुंडीत लावा, वर्षभर सांभाळा आणि पुढच्या पावसात परवानगी घेऊन मोकळ्या जागी लावा. फट लगेच बुजवा. सासूबाईंच्या हातानेच कुंडीत लावून घ्या, त्यांनाही बरं वाटेल.

प्रश्न: जास्वंदीवर पांढरा कापूस, मुंग्याही भरपूर.

उत्तर: पिठ्या ढेकूण. पाऊस थांबून ऊन वाढलं की तो झपाट्याने पसरतो. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमधे नको. उरलेल्यावर पाण्याचा जोरात फवारा, मग १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विड सोपचे चार-पाच थेंब, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने, दर पाच-सहा दिवसांनी तीनदा. मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा, त्याच या किडीला गोड द्रवासाठी जपतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेऊन सोडतात.

प्रश्न: दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूपासून रोपं होतील का?
– एक वाचक, वाकड

उत्तर: होतात, मी दरवर्षी करते. तोरण चार-पाच दिवस दारावर वाळू द्या, मग नायलॉनचा दोरा काढून टाका, आंब्याची पानं कंपोस्टला. वाळलेलं फूल देठाकडून फाडलं की आत काळ्या काड्या आणि त्यांना फिकट शेपूट, ती बी. काही गच्च भरलेल्या फुलांत बी फारसं नसतं, काहींत असलं तरी पोचट असतं, म्हणून आठ-दहा फुलं घ्या. बाजारातला झेंडू बहुतेक संकरित, त्यामुळे रोपं आईसारखीच येतील असं नाही, कुणी बुटकं, कुणी उंच, कुणाला एकेरी पाकळी. गेल्या वर्षी माझ्या एका कुंडीत केशरी फुलाच्या बियांतून मधे तांबूस ठिपका असलेला पिवळा आला होता. चिमटीने पेरा, वर मातीचा पातळ थर, चार-पाच दिवसांत कोंब. रोप वीतभर झालं की शेंडा एकदा खुडा म्हणजे फांद्या फुटतील. दसऱ्यानंतर लगेच पेरलात तर डिसेंबरअखेर फुलं.